यील्ड म्हणजे उतारा: रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर तीन वर्षं

मे २०२२ मध्ये मी एका बँकेच्या शाखेत हातात कागद धरून बसले होते. वर्षभरापूर्वी तिथल्याच साहेबांनी माझे ३ लाख रुपये एका गिल्ट फंडात घालायला लावले होते. "ताई, सगळा पैसा सरकारी रोख्यांत असतो. सरकार कधी बुडतं का?" असं म्हणाले होते. आणि आता कागदावर आकडा २ लाख ९४ हजारांच्या घरात. ते साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांना विचारलं, सरकार तर बुडालेलं नाही, मग माझे सहा हजार गेले कुठं? त्यांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता सांगितलं, "यील्ड वाढलेत मॅडम."

वाढलेत म्हणजे चांगलंच की! मग माझे पैसे कमी कसे? तेवढं मात्र त्यांनी समजावून सांगितलं नाही. मागे रांग होती, मी उठले.

मी कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात एकतीस वर्षं नोकरी केली. आकड्यांची मला भीती नाही. एक शब्द कळत नाही म्हणून स्वतःचे पैसे परक्यासारखे बघायचे, हे मला सहन झालं नाही. त्या महिनाभरात मी तो शब्द धरून बसले आणि त्याच शोधात रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या सेवेपर्यंत पोचले. २०२२ पासून ती वापरतेय. सेवा चांगली आहे, मनापासून सांगते. पण यील्ड हा शब्द कळल्याशिवाय तिथं पाऊल ठेवू नये, म्हणून आधी शब्दाचं सांगते आणि मग सेवेचं.

आमच्याकडे यील्डला फार चांगला शब्द आहे, उतारा. एकरी उसाचा उतारा किती, टनाला साखरेचा उतारा किती, हे कारखान्यात शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. उतारा म्हणजे घातलं किती त्याच्या मानानं निघालं किती. ऊस तोच आणि साखर तेवढीच असली, तरी भागायचं कशानं यावर उतारा ठरतो. वर्तमानपत्रं 'परतावा' लिहितात, तेही बरोबरच आहे, पण परतावा म्हटलं की 'कशावर' हा प्रश्न मनात येत नाही. उतारा म्हटलं की येतो.

आता रोख्याचं बघा. रोखा म्हणजे आपण सरकारला ठरलेल्या व्याजानं, ठरलेल्या मुदतीसाठी दिलेलं कर्ज. समजा एक एकर रान आहे आणि ते दहा वर्षांच्या करारानं खंडानं दिलंय. खंड ठरलेला, वर्षाला ५० हजार, त्यात एक रुपया कमी नाही की जास्त नाही. ते रान कुणी १० लाखांना घेतलं तर त्याच्या पैशाला उतारा पडला ५ टक्के. पुढच्या वर्षी भाव उतरले आणि तेच रान दुसऱ्या कुणी ८ लाखांना घेतलं, तर त्याला तोच ५० हजारांचा खंड मिळतो, पण उतारा सव्वासहा टक्के. खंड बदलला नाही, रान बदललं नाही. किंमत खाली आली म्हणून उतारा वर गेला. आणि ज्यानं १० लाखांना घेतलं होतं त्याला वाटतं आपलं रान स्वस्त झालं. माझ्या फंडाचं नेमकं हेच झालं होतं. फंडात जुने रोखे होते, त्यांचं व्याज ठरलेलं. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं नेहमीच्या बैठकीची वाट न बघता रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना उसने पैसे देते तो) ४ वरून ४.४० टक्के केला, ८ जूनला ४.९० केला. बाजारात नवा पैसा जास्त व्याज मागायला लागला. मग कमी व्याजाचा जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेणार? त्याची किंमत पडली. यील्ड वाढले ते नव्यानं घेणाऱ्यासाठी, आणि ज्याच्याकडे आधीपासून रोखा आहे त्याच्यासाठी तीच बातमी किंमत पडल्याची.

म्हणून 'दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा यील्ड २० बेसिस पॉइंटनं वाढला' असं वाचलं की (बेसिस पॉइंट म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग, २० म्हणजे ०.२० टक्के) पहिला प्रश्न हा करायचा की मी घेणारी आहे की धरून बसलेली. उत्तर त्यावर फिरतं.

एवढं कळल्यावर मला दुसरी गोष्ट सुचली. यील्ड वाढलेत, म्हणजे रोखे स्वस्त झालेत. मग आता आपणच थेट का घेऊ नयेत? फंडही नको आणि मधले साहेबही नकोत. रिटेल डायरेक्ट १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालं होतं, त्याची बातमी वाचलेली होती. साध्या माणसाला रिझर्व्ह बँकेतच रोख्यांचं खातं उघडता येतं. त्याला गिल्ट खातं म्हणतात. पॅन, बचत खातं, केवायसीची कागदपत्रं, मोबाइल, ईमेल, नॉमिनीचं नाव, एवढंच लागलं. पुतण्यानं कागद स्कॅन करून दिले, बाकी फॉर्म मी भरला. खातं उघडायला आणि चालवायला फी नाही, पैसे भरताना पेमेंट गेटवेचा आकार लागला तर तेवढाच आपला. कमीत कमी १० हजारांपासून आणि त्याच्याच पटीत घेता येतं. आता मोबाइलचं ॲपही आलंय, मे २०२४ पासून, पण मला मोठ्या पडद्यावर बघायची सवय आहे.

पहिली खरेदी सांगते, कारण सगळं शिक्षण तिच्यात झालं. ६.१० टक्के व्याजाचा, १२ जुलै २०३१ ला संपणारा सरकारी रोखा. दर्शनी किंमत, म्हणजे मुदतीला सरकार परत देतं ती, १००, बाजारात तेव्हा भाव ९१ च्या आसपास. मी ५० हजार दर्शनी किमतीचा घेतला. म्हणजे ४५,५०० रुपये झाले असं मी धरलं होतं, पण पडद्यावर रक्कम आली ४६,७९६. मी थांबले. हे १,२९६ कसले? कमिशन तर नाही ना? तासभर वही घेऊन बसले तेव्हा उलगडलं. रोख्याचं व्याज सहा महिन्यांनी मिळतं, १२ जानेवारी आणि १२ जुलै. माझा व्यवहार पुरा होणार होता १५ जूनला. आधीच्या मालकानं १२ जानेवारीपासून १५ जूनपर्यंत रोखा सांभाळला, पाच महिने तीन दिवस. इथं महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात, म्हणून १५३ दिवस. तेवढ्या दिवसांचं व्याज त्याचं, ते मी त्याला आधी द्यायचं, आणि १२ जुलैला सगळ्या सहा महिन्यांचं व्याज मला मिळणार. उभं पीक असताना रान विकलं तर आधीच्या मालकाची मेहनत मोजून देतात, तसंच हे. १२ जुलैला खात्यावर १,५२५ रुपये आले आणि वहीतला हिशेब रुपयाला रुपया जुळला. त्या दिवशी मला जे समाधान वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवले, हा माझा होता.

आता या खरेदीत माझा उतारा किती? रोख्यावर छापलंय ६.१०. ते छापील व्याज, त्याला कूपन म्हणतात. मी ९१ दिलेत, म्हणून ६.१० भागिले ९१, म्हणजे ६.७० टक्के. याला चालू यील्ड म्हणतात. पण हिशेब अजून पुरा नाही. २०३१ मध्ये सरकार मला ९१ नाही, १०० देणार आहे. ते वरचे ९ रुपये नऊ वर्षांवर पसरले तर वर्षाला १ रुपया पडतो. म्हणजे वर्षाची कमाई ७.१० झाली. गुंतलेला पैसा सरासरी धरायचा, ९१ आणि १०० च्या मधला, ९५.५०. भागाकार केला की ७.४३ येतात. कॉम्प्युटर बारकाईनं काढतो तेव्हा थोडे जास्त, साडेसातच्या आसपास. मुदत संपेपर्यंतचा हा जो उतारा आहे, इंग्रजी आद्याक्षरांत वायटीएम, तोच खरा यील्ड. बातम्यांत नुसतं यील्ड म्हणतात तेव्हा हाच असतो. यात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते. मधलं व्याज तुम्ही तेवढ्याच दरानं परत गुंतवता, असं. माझं व्याज घरखर्चात जातं, त्यामुळं माझा प्रत्यक्ष उतारा थोडा वेगळा पडणार. मला ते मान्य आहे.

हा आकडा आपल्याला खरेदीच्या दिवशीच मिळतो आणि मुदतीपर्यंत थांबलं तर तो आपला राहतो. मधे बाजारात काहीही होवो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये रेपो दर कमी केला, ६.५० वरून ५.५० वर आणला. यील्ड उतरले, माझ्या रोख्याचा भाव वर येत येत शंभराच्या आसपास पोचला. घरातून सल्ला आला, नऊ रुपये वर मिळतायत तर विकून टाक. मी विचारलं, विकून ते पैसे ठेवू कुठं? आता त्याच मुदतीचा रोखा घेतला तर उतारा सहाच्या आसपास पडणार. आणि हा माझा साडेसातचा रोखा आहे. भाऊजी, म्हणजे माझे दीर, शेतीवाले. त्यांना हे लगेच पटलं. खंडाचं उदाहरण त्यांचंच आहे खरं म्हणजे, मी फक्त आकडे घातले.

२०२५ च्या जुलैत त्या रोख्याचं सातवं व्याज आलं. १२ तारीख शनिवारी होती म्हणून सोमवारी, १४ ला.

याच काळात आमच्या गल्लीतले गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, एक दिवस मोबाइल घेऊन आले. त्यांनीही खातं उघडलं होतं. यादीत त्यांना ७.१८ टक्क्यांचा २०३३ चा रोखा दिसला. "बाई, बँकेत ठेवीला साडेसहा देतात आणि इथं सरकार सव्वासात देतंय. दोन लाख घालतो." मी म्हटलं, गुरुजी, भाव बघितला का? भाव होता १०५ च्या आसपास. म्हणजे दोन लाखांच्या दर्शनी किमतीला २ लाख १० हजार मोजायचे आणि २०३३ मध्ये परत मिळणार दोनच लाख. ७.१८ मधून दर वर्षी साधारण ६२ पैसे त्या जास्त दिलेल्या पाच रुपयांच्या भरपाईला गेले, उरले ६.५५, आणि गुंतलेला पैसा सरासरी १०२.५० धरला तर उतारा ६.४ टक्के. बँकेच्या ठेवीपेक्षा कमीच. गुरुजींनी स्वतः पाटीवर मांडावं तसं कागदावर मांडलं, दोनदा तपासलं, आणि म्हणाले, "मग हे ७.१८ कशाला लिहितात?" लिहितात कारण ते रोख्याचं नाव आहे. नावावरून उतारा कळत नाही. या सेवेवर नवीन येणाऱ्यांपैकी बहुतेकजण इथंच चुकत असतील असं मला वाटतं. पडद्यावर भाव आणि यील्ड दोन्ही दिसतात, पण आपली नजर नावातल्या आकड्याला चिकटते.

एक खरं की बँकेच्या ठेवीला विम्याचं संरक्षण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे, आणि सरकारी रोख्यामागे केंद्र सरकार उभं आहे. शिवाय या रोख्यांच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत. कर आपला आपण विवरणपत्रात दाखवून भरायचा असतो, तो माफ नाही. गुरुजींनी शेवटी थोडा रोखा घेतला, पण ६.४ समजून घेतला. ते मला आवडलं.

रोजच्या उपयोगाला मात्र मी ट्रेझरी बिलंच, म्हणजे सरकारचे थोड्या मुदतीचे रोखेच, वापरते, आणि नव्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी. ही ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. यांना व्याज नाही, कमी भावात घ्यायची आणि मुदतीला पूर्ण १०० घ्यायचे. ९१ दिवसांचं बिल समजा ९८.३० ला मिळालं. १० हजारांच्या बिलाला ९,८३० मोजले, तीन महिन्यांनी १० हजार आले. १७० रुपये सुटले. वर्षाचा उतारा काढायचा तर १.७० भागिले ९८.३०, गुणिले ३६५, भागिले ९१, उत्तर ६.९४ टक्के. इथं भागायचं ९८.३० नं, १०० नं नाही, कारण खिशातून गेले ते ९८.३०. पुन्हा तेच, उतारा आपल्या पैशावर.

लिलाव बुधवारी असतो. मी मंगळवारीच बोली लावून ठेवते. आपली बोली बिनस्पर्धेची, म्हणजे आपण भाव सांगायचा नाही, रक्कम सांगायची. मोठ्या बँका आणि संस्था भाव लावतात, त्यांच्या मंजूर बोलींचा जो भारित सरासरी भाव निघतो त्याच भावानं आपल्याला मिळतं. म्हणजे समजा, बाजार समितीत गुळाच्या सौद्याला उभं राहायचं, व्यापाऱ्यांनी बोली लावायच्या, आणि आपल्या चार ढेपांना सगळ्यांच्या सरासरीचा भाव मिळायचा. कुणी आपल्याला एकट्याला गाठून पाडून मागू शकत नाही. दहा हजारवाल्या बाईला आणि कोट्यवधींच्या बँकेला एकाच लिलावाचा भाव, ही गोष्ट मला या सेवेत सगळ्यात मोठी वाटते. गुरुवारी बिल खात्यात येतं, जास्तीचे पैसे भरले असतील तर फरक परत मिळतो. बातम्यांत 'कट-ऑफ यील्ड' येतो तो याच लिलावातला, ज्या यील्डपर्यंतच्या बोली स्वीकारल्या तो शेवटचा आकडा. आपला यील्ड सरासरीवर ठरत असल्यामुळं त्याच्या जवळपास पडतो, तंतोतंत तोच असेल असं नाही.

उसाचं बिल आलं की खतांची वेळ होईपर्यंतचे पैसे मी असे ९१ दिवसांना लावते. बचत खात्यात पडून राहण्यापेक्षा कितीतरी चांगलं. नातीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची असते, तिच्यासाठी मार्चचं बिल बघून ठेवते.

आता कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना कोणत्याही दिवशी पैसे लागू शकतात त्यांनी लांब मुदतीचे रोखे घेऊ नयेत. विकायची सोय आहे, रिझर्व्ह बँकेनं प्रायमरी डीलरांना, म्हणजे सरकारी रोख्यांच्या मोठ्या अधिकृत व्यापाऱ्यांना, छोट्या रकमांचे भाव द्यायलाही सांगितलंय, पण हा बाजार मुळात कोट्यवधींचा आहे. ५ कोटींच्या खालचा व्यवहारसुद्धा इथं 'ऑड लॉट' म्हणजे किरकोळ समजतात. आपल्या ५० हजारांना पाहिजे त्या दिवशी, पाहिजे त्या भावात गिऱ्हाईक मिळेल असं धरून चालायचं नाही. आणि विकायच्या दिवशी यील्ड वर असतील तर भाव खाली असणार. मुदत जितकी लांब तितकी किंमत जास्त हलते. तीस वर्षांच्या रोख्याला यील्डचा एक टक्का फार महागात पडतो, ९१ दिवसांच्या बिलाला तो जाणवतही नाही.

साठीच्या पुढचे असाल तर आधी पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना भरा. तिला ८.२ टक्के आहेत आणि मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ वरून ३० लाख झाली आहे. ती भरून उरले तर रिटेल डायरेक्टकडे या. मीही तसंच केलंय.

गिल्ट फंडातले ते ३ लाख मी काढले नाहीत. २०२२ मध्ये काढले असते तर सहा हजारांचा तोटा पक्का झाला असता. रोखे तेच होते आणि व्याज येतच होतं. यील्ड उतरायला लागले तसा फंडाचा आकडा वर आला. आता त्याचं विवरण आलं की मी आधी त्यात रोख्यांची सरासरी मुदत किती दिलीय ते बघते, मग यील्ड किती ते बघते, आणि मग रक्कम.

खातं उघडायचं असेल तर नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. माझ्या पासबुकावर माहेरचं मधलं नाव होतं, ते आधी दुरुस्त करून घेतलं, मग फॉर्म भरला. पहिली बोली १० हजारांचीच लावा, ९१ दिवसांची. मुदत भरून पैसे परत येईपर्यंत वहीत एकदा तरी हातानं भागाकार करून बघा.